भाज्यांवरची सेवरीन

"ईस्टर होऊन जाऊ दे, मग बघू," असं शेफ बेर्तोलों पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा सेवरीनला ते खरंच वाटलं होतं. वयच तसं होतं, एकोणीस. मग ईस्टर झाला आणि शेफ म्हणाले, उन्हाळा जाऊ दे. उन्हाळा गेला तर म्हणाले, आता शिकारीचं मांस यायला लागलंय, अशा गर्दीत कुठे जागा बदलतेस. अशी तीन वर्षं त्या माणसाने तिच्या तोंडाला पानं पुसली, आणि तीही इतक्या मायेने, की पोरीला धड रागावताही येईना.

जागा म्हणजे सॉसची जागा. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या टेकडीवरच्या त्या रेस्तराँत बाहेर चाळीस खुर्च्या आणि मागे एक लांबट, कोंदट भटारखाना होता. भाज्या दाराशी, सिंकला लागून. मासे मधे. आणि सगळ्यात आत, मोठ्या शेगडीपाशी, मांस आणि सॉस. सेवरीनच्या ओट्यापासून त्या शेगडीपर्यंत सात पावलं होती. सॉसवाल्याचा मान शेफच्या खालोखाल. ज्याला सॉस येत नाही, तो ल्योंमध्ये स्वतःला आचारी म्हणवून घ्यायला धजत नाही. आणि सॉस काही पुस्तक वाचून येत नाही, त्या शेगडीपाशी उभं राहून, हात भाजून घेऊनच येतो. सेवरीनला तिथे उभं राहायचं होतं. लग्न, घर, समुद्रावरची सुट्टी हे सगळं तिला हवं होतं, पण त्यानंतर.

आणि भाज्या? भाज्या ती अशा करायची की काय सांगावं. तिचं गाजर गाजरासारखं लागायचं, हे ऐकायला सोपं वाटतं, पण दहा रेस्तराँत जाऊन खाऊन बघा. पालक हिरवागार, तोंडात घातला की विरघळायचा तरी लगदा नाही. डिसेंबरात कार्दोंचा मोसम. हे कार्दों म्हणजे काटेरी झाडाचे हातभर देठ. त्यांचे दोरे काढता काढता माणसाच्या नाकी नऊ येतात, आणि एक दोरा राहिला तरी गिऱ्हाइकाच्या दातात अडकतो. सेवरीनच्या तीन डिसेंबरांत कोणाच्या दातात काही अडकलं नाही. गिऱ्हाइकं आत निरोप पाठवायची, कार्दों कोणी केले, त्याला आमचा सलाम सांगा. शेफ बाहेर जाऊन सलाम घेऊन यायचे.

दर रविवारी आईचा फोन यायचा.

"अजून भाज्याच का गं?"

"हो, भाज्याच."

"तो शेजारच्या बोदेंचा मुलगा, तुझ्याबरोबर परीक्षा दिलेला, तो म्हणे आता मांसावर आहे."

"असेल. त्याला भाज्या येत नव्हत्या," सेवरीन म्हणायची आणि विषय बदलायची.

त्यातून आठ महिन्यांपूर्वी सिरिल आला. दिसायला बरा, बोलायला गोड, कामाला यथातथाच. त्याला शेफनी पहिले दोन आठवडे भाज्यांवर सेवरीनच्या हाताखाली दिला. त्याने बटाटे सोलले ते बटाट्यांचं निम्मं अंग कचऱ्याच्या टोपलीत गेलं. पालक उकडला तो करडा झाला. शेफ दोन आठवडे बघत राहिले, मग एक दिवस म्हणाले, "याला माशांवर घेतो." म्हणजे पोरगं बिघडवतंय म्हणून पुढे सरकलं. सेवरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडी घासणाऱ्या मादाम कद्दूर तिच्या शेजारच्याच सिंकवर असायच्या, वीस वर्षं तिथेच. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरी, त्या कोबीने तुझं काय वाकडं केलंय? हळू काप."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सॉसवरचा गास्पार जिनिव्हाला निघून गेला. तिकडे पगार जास्त आणि शेफ बेर्तोलों नाहीत, एवढी दोन कारणं त्याला पुरली. मंगळवारी सकाळी सेवरीन एप्रनचे बंद बांधतच शेफसमोर जाऊन उभी राहिली.

"शेफ, आता ईस्टरही नाही आणि उन्हाळाही नाही."

शेफनी चष्मा कपाळावर चढवला. धिप्पाड माणूस, मिशा पिकलेल्या, आवाज मऊ. "बरं," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी वाइनच्या व्यापाऱ्यांची पंगत आहे. चाळीस पानं. वासराचं मांस, कार्दों, आणि दोन्हीवर एकच सॉस. आठवडाभर तू सॉसवर. शनिवारचा सॉस जमला, तर जागा तुझी."

"शब्द देताय?"

"दिला. फक्त भाज्यांकडेही जरा लक्ष ठेव. दुसरं कोण आहे मला?"

त्या 'जरा'त काय काय होतं, ते सेवरीनला बुधवारीच कळलं. भाज्यांचं सगळं काम तिच्याच गळ्यात, वर सॉस. सकाळी सहाला येऊन ती कार्दोंचे दोरे काढायची, मग सात पावलं आत, हाडं परतायची, पुन्हा सात पावलं बाहेर, कोबीचे छोटे गड्डे निवडायची. पण कुरकुर केली नाही. मोठ्या शेगडीची धग तोंडावर आली की तिला सगळं सोसवत होतं. गुरुवारी तिने वासराची हाडं भट्टीत लालबुंद भाजली. कांदा, गाजर, थोडा टोमॅटो घालून ती पातेल्यात टाकली, आणि दोन दिवस जेव्हा जेव्हा पातेलं शेगडीवर होतं तेव्हा त्याला उकळी फुटू दिली नाही. नुसते बुडबुडे, तेही एका कडेला. फेस काढ, चरबी काढ, पुन्हा काढ. शुक्रवारी संध्याकाळी बारा लिटर स्टॉक, म्हणजे हाडांचा अर्क, तयार झाला, तपकिरी आणि नितळ. चमच्याने चाखला तर ओठ एकमेकांना चिकटले. तिने मादाम कद्दूरना चाखवला. त्या म्हणाल्या, "मी डुकराचं खात नाही आणि वाइन पीत नाही, पण हे मी रोज प्यायले असते." सेवरीन त्या दिवशी घरी गेली ती गाणं गुणगुणत गेली.

शनिवारी सकाळी शेफ बाजारात गेले होते. सिरिल माशांशी झटापट करत होता. सेवरीनने स्टॉक मंद गरम करायला ठेवला; गाळून घ्यायचा, मग आटवून आटवून सॉस करायचा, असा बेत. तोवर भाज्या. कोबीच्या गड्ड्यांचा पहिला घाणा मिठाच्या पाण्यात उकडला, पातेलं उचललं, सिंकमधल्या मोठ्या चाळणीत ओतलं, पाणी खाली गेलं, गड्डे बर्फात. दुसरा घाणा, तसंच. गाजरं, तसंच. कार्दोंचे तुकडे, तसंच. हात चालत होते आणि डोक्यात सॉस होता: वाइन किती, किती आटवायचा, शेवटी हाडांतला मगज कधी घालायचा. मग ती आत गेली, स्टॉकचं पातेलं दोन्ही कान धरून उचललं, सात पावलं चालत सिंकपाशी आली आणि चाळणीत ओतलं.

"पोरी," मादाम कद्दूर म्हणाल्या, "खाली भांडं कुठाय?"

खाली भांडं नव्हतं. चाळणीत हाडं होती, वाफा निघत होत्या. आणि खालच्या भोकातून दोन दिवस घळाघळा ल्योंच्या गटाराकडे निघाले होते. सेवरीनने पातेलं आडवं केलं तेव्हा तळाशी वाटीभर उरलं होतं.

ती ओरडली नाही. सिंकची कड धरून नुसती उभी राहिली. डोळ्यांत पाणी यायच्या आधी तिला हसूच आलं, घाणेरडं, कोरडं हसू. तीन वर्षं या हातांनी एकच गोष्ट केली होती. उचल, ओत, पाणी जाऊ दे, भाजी ठेव. त्यांनी तेच केलं. हातांना काय ठाऊक, आज पाणीच ठेवायचं होतं ते.

सिरिल मान लांब करून बघून गेला. "बाप रे," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. "फ्रीझरमध्ये जुना आहे का?"

"त्या गास्पारने जाताना शेवटचा डबासुद्धा संपवला."

"मग शेफना काय सांगणार?"

"तू मासे बघ," मादाम कद्दूर त्याला म्हणाल्या. मग सेवरीनकडे वळल्या. "रडायचं असेल तर दोन मिनिटं रड. घड्याळात साडेनऊ झालेत. पंगत साडेबाराला."

तिने दोन मिनिटंही घेतली नाहीत. हाडं परत पातेल्यात टाकली, वर उकळतं पाणी. एकदा पिळून घेतलेल्या हाडांत फार काही नसतं, पण थोडं असतं. जोर मात्र दुसरीकडून आणायला हवा होता. तिने स्वतःच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे काय नव्हतं? कांदे होते. ते तिने उभे चिरून तव्यावर इतके काळे केले की सिरिलला खोकला आला. आळंब्यांचे देठ, जे रोज टाकून द्यायची, ते भट्टीत कडक सुकवले. सेलरीच्या गड्ड्याच्या साली, लीकचे हिरवे शेंडे, गाजराची टोकं, सगळं भाजून, सगळं त्या पातेल्यात. दोन बाटल्या लाल वाइन आटवून आटवून सरबतासारखी घट्ट केली. कोणती भाजी किती वेळ आगीवर राहिली की गोड होते, आणि त्याच्यापुढे अर्ध्या मिनिटात कडू, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तीन वर्षं दुसरं केलंच काय होतं? सव्वाअकराला तिने ते गाळलं. या वेळी मादाम कद्दूर स्वतः खाली पातेलं धरून उभ्या होत्या. मग आटवणं, मग मगज फेटून घालणं, मग लोणी, मग चमच्याच्या टोकावर मीठ.

शेफ पावणेबाराला आले. कोट काढला, हात धुतले, चमचा सॉसमध्ये बुडवून तोंडात घातला. शेफच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा चमचा बुडवला, जे ते कधीच करत नसत, आणि पुढे गेले.

चाळीस पानं वाढली गेली. परत आली तेव्हा मादाम कद्दूर म्हणाल्या की आज भांडी घासायची काही गरजच दिसत नाही. लोकांनी पावाने पुसून पुसून ताटं लख्ख केली होती.

साडेतीनला भटारखाना रिकामा झाला. सिरिल मागच्या अंगणात सिगारेट ओढायला गेला. शेफनी स्टूल ओढलं, दोन पेल्यांत वाइन ओतली, एक सेवरीनपुढे सरकवला.

"सांग आता. ते काय होतं? वासराचा स्टॉक मी चाळीस वर्षं चाखतोय. हा तो नव्हता."

लपवता आलं असतं. सिरिल बोलला नव्हता, मादाम कद्दूर मेल्या तरी बोलल्या नसत्या. पण सेवरीनला ती जागा चोरून नको होती. तिने सगळं सांगितलं. चाळणी, सिंक, बारा लिटर, कांद्याचा धूर.

आधी शेफचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. "मीपण केलंय," ते म्हणाले. "तुझ्याच वयाचा होतो. बारा नाही, तीस लिटर. आमच्या शेफने पळी घातली होती पाठीत. हे बघ, जो कधी तरी स्टॉक सिंकमध्ये ओतत नाही, तो आचारीच नव्हे."

सेवरीन हसली. आठवड्यात पहिल्यांदा तिची पाठ सैल झाली. "म्हणजे मंगळवारपासून मी सॉसवर," ती म्हणाली.

शेफनी पेला खाली ठेवला. काठावरचा थेंब बोटाने पुसला.

"मंगळवारपासून सिरिल सॉसवर जाईल."

तिला वाटलं, ते अजून गंमत करतायत. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर गंमत नव्हती.

"तुम्ही शब्द दिला होतात. सॉस जमला तर."

"जमला. उत्तम जमला. कशामुळे जमला ते तूच आत्ता सांगितलंस ना? भाज्यांमुळे. अगं, असा हात मी आणखी एकाचाच पाहिलाय, आणि तो माणूस वारला. तुला तिथून उचलू आणि मग भाज्यांवर कोण? सिरिल?"

"सिरिलला सॉस येत नाही."

"त्याला काहीच येत नाही. म्हणून तर त्याला कुठेही ठेवता येतं," शेफ म्हणाले, अगदी सरळ मनाने, हिशेब समजावून सांगावा तसे. "सॉस मी स्वतः बघतो, तो नुसता ढवळेल. पण भाज्या मला बघता येत नाहीत. तुझ्यावाचून माझं हे दुकान चालत नाही, पोरी, खरं सांगतो. पगार वाढवतो."

"म्हणजे मी तीन वर्षं पालक करडा केला असता, तर आज सॉसवर असते?"

शेफ विचारात पडले. वाईट माणूस नव्हता तो. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं नाही.

"असतीस," ते म्हणाले. "बहुतेक दुसऱ्याच वर्षी."

सेवरीनने पेला तसाच ठेवला. "या चाळणीवर मी आणखी एक वर्ष उभी राहिले ना शेफ, तर माझे हात दुसरं काही शिकायचेच नाहीत. आज काय झालं ते बघितलंत. तुम्ही हसलात. मला त्याची भीती वाटतेय." तिचा आवाज फुटला आणि त्याचाच तिला संताप आला. "ख्रिसमसची गर्दी काढून देते. एकतीस तारखेनंतर मी येणार नाही."

"अगं, जाशील कुठे? जिथे जाशील तिथे तुला भाज्यांवरच ठेवतील. एकदा तुझ्या हातचं गाजर खाल्लं की कोण सोडेल तुला?"

हे मात्र खरं होतं. ते ऐकून ती रागावली होती, त्याहून जास्त घाबरली. पुढचे तीन आठवडे तिने तोंड मिटून काम केलं. कार्दों नेहमीसारखेच केले, कारण वाईट करायचे म्हटलं तरी हात ऐकेनात.

जानेवारीत ती माकाँला गेली, नदीकाठच्या एका रेस्तराँत. तिथल्या शेफ एक बाईच होत्या, मादाम तेव्हने, काटक, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. त्यांनी तिच्या आधीच्या नोकरीचा दाखला वाचला. त्यावर नुसतं लिहिलं होतं: सहायक आचारी, तीन वर्षं. कुठल्या जागेवर, ते असल्या कागदावर कोणी लिहीत नाही.

"बेर्तोलोंकडे तीन वर्षं टिकलीस? धन्य आहेस. काय काय येतं?"

"सॉस येतो," सेवरीन म्हणाली.

"कर बघू."

तिने केला. दोन तास लागले. मादाम तेव्हने यांनी चाखला, जीभ टाळूला लावली, पुन्हा चाखला. "हं. आणि भाज्या? भाज्यांवर मला माणूस हवाय, तिथे सगळी बोंब आहे."

सेवरीनने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "भाज्या नाही येत मला, शेफ. बटाटासुद्धा धड सोलता येत नाही."

"शोभतं का गं हे सांगायला? तीन वर्षं केलंस काय मग?" मादाम तेव्हने म्हणाल्या. पण सॉस चांगला होता. "बरं, सॉसवर उभी राहा."

तर अशी सेवरीन सॉसवर आली. मोठी शेगडी, तांब्याची पातेली, सगळं तिच्या हाताशी. पहिल्या आठवड्यात तिला रात्री झोप यायची नाही, इतका आनंद. दुसऱ्या आठवड्यात तिचं लक्ष भाज्यांच्या ओट्याकडे जायला लागलं. तिथे उभा असायचा एमरिक, बिचारा मन लावून काम करणारा. कांदा तो भीत भीत परतायचा, अर्धा कच्चा काढायचा. गाजरं पाण्यात बुडवून त्यांचा जीव घ्यायचा. सेवरीन दात आवळून सॉस ढवळायची. एकदा तर तिचं पाऊल उचललं गेलं होतं, ते तिने परत ठेवलं.

त्या शुक्रवारी दुपारी भर गर्दीत एमरिकने पालक उकळत्या पाण्यात टाकला आणि दुसरीकडे वळला. सेवरीन पाठमोरी होती, पण तिला वास आला. आता काढ, तिने मनात म्हटलं. आता. अरे, आता. पालक बाहेर आला तो शेवाळासारखा. मादाम तेव्हने यांनी चिमटीत धरून तो सगळ्यांना दाखवला. एमरिकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बिचारा रडण्याच्या बेतात होता.

"सहा जण आहात तुम्ही या भटारखान्यात," मादाम तेव्हने म्हणाल्या. "सहा जणांत एकालासुद्धा साधा पालक उकडता येऊ नये? कोणालाच येत नाही?"

त्यांची नजर एकेकावरून फिरत फिरत मोठ्या शेगडीपाशी आली.

"नाही, शेफ," सेवरीन म्हणाली, आणि सॉसची आच कमी केली.